भूभेची कड

जयपूरहून आग्रा रस्त्याने पूर्वेकडे निघाले की पंधराएक किलोमीटरवर कानोता लागते. ठाकुरांची गढी, बाजार, जवळच धरण. संध्याकाळी सूर्य शहराच्या बाजूला बुडतो आणि बांधावर फिरायला आलेली माणसे साहजिकच तिकडे तोंड करून उभी राहतात. ज्याला पृथ्वीची सावली पाहायची आहे त्याने मात्र सूर्याकडे पाठ करावी. पूर्वेला क्षितिजालगत पाटीच्या रंगाचा निळसर करडा पट्टा उगवतो, त्याच्या माथ्यावर फिकट गुलाबी झालर असते. दहा-पंधरा मिनिटांत पट्टा वर चढतो, झालर विरते आणि दोन्ही रात्रीत मिसळून जातात. तो पट्टा ढगाचा नव्हे आणि धुराचाही नव्हे. आपण ज्या पृथ्वीवर उभे आहोत तिचीच सावली समोरच्या हवेवर पडलेली असते. हवा स्वच्छ असली तर हे रोज दिसते, त्यासाठी ग्रहण लागावे लागत नाही.

हा पट्टा नेमका कुठे संपतो आणि झालर कुठे सुरू होते, हे शेजारच्या माणसाला बोटाने दाखवायला गेलो की पंचाईत होते. तो म्हणतो, जरा खाली. आपण म्हणतो, जरा वर. चंद्रग्रहणाच्या अभ्यासात गेली तीनशे वर्षे हीच पंचाईत चालू आहे, फक्त हवेच्या जागी पावणेचार लाख किलोमीटरवरचा चंद्र आहे. सावली पडते हे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे लिहून ठेवलेले आहे. ती किती मोठी, हेही साधारणपणे तेव्हापासून ठाऊक आहे. तिची कड कुठे धरायची आणि तिच्यात बुडालेला चंद्र कधी तांब्यासारखा तर कधी कोळशासारखा का दिसतो, या दोन प्रश्नांवर मात्र अजून मते वेगवेगळी आहेत. त्यांचा हा आढावा.

छाया की राहू

सूर्य पृथ्वीपेक्षा मोठा असल्याने पृथ्वीची गडद सावली सुळक्यासारखी निमुळती होत जाते. तिची लांबी साधारण चौदा लाख किलोमीटर. चंद्राच्या अंतरावर तिचा व्यास सव्वानऊ हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, म्हणजे अडीच-पावणेतीन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढी ही सावली. जुन्या ग्रंथांत तिला भूभा म्हणतात आणि तो शब्द मला फार आवडतो, कारण ‘भा’ म्हणजे प्रकाश. अंधाराला प्रकाशाचे नाव का दिले असेल कोण जाणे. पण ही सावली पुरती काळी नसते हे पुढे दिसेलच. भूभेभोवती विरळ छायेचे कडे असते. चंद्र नुसता त्या कड्यातून गेला तर छायाकल्प ग्रहण होते, आणि ते पंचांगवाल्यांनी पाळण्याच्या ग्रहणांत कधी धरले नाही. डोळ्यांना जे धड दिसत नाही त्याचे वेध कोण पाळणार?

आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये स्पष्ट लिहिले की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. वराहमिहिरानेही राहूची कल्पना बाजूला ठेवली. इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात ब्रह्मगुप्ताने याला हरकत घेतली. राहू ग्रहणाचे कारण नाही असे म्हणणे श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध जाते, हे त्याचे म्हणणे. गंमत अशी की ग्रहणाचे गणित तो स्वतः सावलीनेच करतो, आणि राहू ब्रह्मदेवाच्या वराने त्या सावलीतच शिरतो अशी तडजोड सुचवतो. चारशे वर्षांनी अल् बिरूनीला याचे मोठे आश्चर्य वाटले. एवढा जाणता गणिती असे का लिहितो, हे त्याला उलगडेना. या तडजोडीकडे दोन प्रकारे पाहता येते. काहींना ती भीतीपोटी घेतलेली माघार वाटते. काहींच्या मते गणित आणि आचार यांना आपापल्या जागी सुखाने नांदू देण्याची ती रीत होती. दुसरे मत मला अधिक पटते, कारण ती रीत अजून मोडलेली नाही. पुण्या-मुंबईच्या गल्ल्यांतून ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी येई तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना शाळेतल्या भूगोलामुळे सावली ठाऊक होतीच. आपल्या भाषेत तर ‘वेध’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. शास्त्रज्ञ वेध घेतात आणि आजीला वेध लागतात.

सन १११४ मध्ये जन्मलेले आणि चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे महाराष्ट्राशी जोडले गेलेले भास्कराचार्य या वादात निरीक्षण आणतात. सूर्यग्रहणात आणि चंद्रग्रहणात झाकणारा एकच असता तर दोन्ही ग्रहणे सारखी दिसली असती, असा त्यांचा मुद्दा. प्रत्यक्षात सूर्याला पश्चिमेकडून ग्रहण लागते, चंद्राला पूर्वेकडून. अर्ध्या झाकलेल्या सूर्याची शिंगे टोकदार असतात, चंद्राची बोथट. शिवाय चंद्रग्रहण रेंगाळते. म्हणून चंद्राला झाकणारा पदार्थ चंद्राहून खूप मोठा असला पाहिजे. सावलीची वक्रता पाहून तिचे आकारमान ताडण्याची ही युक्ती आजही कुणी बांधावर बसून करू शकेल.

जयपुरातले तीन आकडे

आता गणिताकडे. पहिला आकडा आपल्याकडचा. सूर्यसिद्धान्तात सूर्याचा व्यास ६,५०० योजने, चंद्राचा ४८० आणि पृथ्वीचा १,६०० धरला आहे. सूर्याचा आकडा खऱ्यापेक्षा फारच लहान आहे. तरी त्यातली भूभेची रीत चालवली, म्हणजे सूर्य-पृथ्वीच्या व्यासांतील फरकाला ४८० ने गुणून ६,५०० ने भागले आणि आलेले फळ १,६०० मधून वजा केले, की १,२३८ योजने उरतात. त्याला चंद्राच्या ४८० ने भागल्यास येतात २.५८. आजच्या भूमितीने मध्यम अंतरासाठी हे गुणोत्तर २.६५ येते. सूर्य इतका चुकूनही सावली इतकी बरोबर का? कारण या रीतीत सूर्याचे खरे अंतर जवळजवळ निसटून जाते. सूर्य आकाशात केवढा दिसतो आणि चंद्र किती जवळ आहे, यांवरच उत्तर ठरते, आणि या दोन गोष्टी आपल्या ज्योतिषांना चांगल्या माहीत होत्या. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिले आणि ज्या-कोज्यांची कटकट टाळून हेच गणित गावोगावच्या जोशांच्या आवाक्यात आणले. पुढची तीन-साडेतीन शतके महाराष्ट्रातली ग्रहणे बहुतेक त्याच पोथीवरून निघाली.

दुसरा आकडा ग्रीकांचा. अरिस्टार्कसने सावली दोन चंद्रांएवढी धरली होती, हिप्पार्कसने अडीच. टॉलेमीने २.६ धरली, तीही चंद्र सर्वांत दूर असतानाची. त्याची रीत देखणी आहे. इ.स.पू. ६२१ आणि ५२३ या वर्षांतली बॅबिलोनची दोन खंडग्रास ग्रहणे त्याने निवडली. एकात चंद्राचा चौथा हिस्सा झाकला गेला होता, दुसऱ्यात अर्धा. दोन्ही वेळी चंद्राचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचे त्याचे अंतर, किती होता हे गणिताने काढले की त्या दोन शरांतला फरक म्हणजे चंद्राच्या व्यासाचा चौथा भाग, आणि त्यावरून सावलीची त्रिज्या. ही रीत ज्यात आहे तो टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आला तो जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांच्या हातून. ‘सिद्धान्तसम्राट’ १७३२ चा. जगन्नाथ पंडित महाराष्ट्रीय ब्राह्मण समजले जातात. जयपुराने तेव्हा जुन्याला नवे जोडायचे जे काम हाती घेतले, त्यात एका मराठी माणसाचा वाटा आहे एवढे सांगून पुढे जातो. त्याचा अभिमान किती बाळगायचा ते ज्याचे त्याने ठरवावे.

तिसरा आकडा आला समुद्रापलीकडून. जयसिंहांनी पाद्री फिगरेदो यांच्याबरोबर पोर्तुगालला माणसे पाठवली आणि १७३० च्या सुमारास ती परतली तेव्हा त्यांच्याजवळ फिलिप द ला हिर या फ्रेंच ज्योतिषाची कोष्टके होती. जयसिंहांनी ती वेधांशी ताडून पाहिली. आपल्या फार्सी ग्रंथाच्या, झीज-इ-मुहम्मदशाहीच्या, प्रस्तावनेत ते नोंदवतात की या कोष्टकांनी चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक येते आणि ग्रहणांच्या वेळा पाव घटिका, म्हणजे पंधरा पळे, मागेपुढे होतात. पंधरा पळे म्हणजे आपली सहा मिनिटे. इतिहासकार या नोंदीचा उल्लेख जयसिंहांच्या चोखंदळपणाचा दाखला म्हणून करतात. ग्रहणाच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी काही दिसते, कारण पृथ्वीची सावली गणितापेक्षा थोडी मोठी भासते हे प्रथम मांडणारा हाच ला हिर. जयपुराच्या तक्रारीतली सहा मिनिटे सावलीच्या फुगवट्याने आली असतील का? माझ्या हिशेबाने नाही. तो फुगवटा ग्रहणाच्या वेळेत फार तर दीड-दोन मिनिटांचा फरक पाडतो, बाकीची चूक चंद्राच्या गतीची. पण ज्याच्या कोष्टकांना जयपुराने नाव ठेवले त्याच्याच नावाने हा वाद सुरू व्हावा, हा योग मोठा मजेचा आहे.

जयपूरच्या जंतरमंतरात गेलात तर या वादाचे दगडी प्रात्यक्षिक पाहायला मिळते. बृहत् सम्राट यंत्राच्या भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या पंधरा मीटर त्रिज्येच्या कमानींवर पडते आणि त्यांवर दोन-दोन सेकंदांच्या रेघा कोरल्या आहेत. एवढी बारीक वाटणी केली, पण सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाचे बिंब आहे. त्यामुळे सावलीच्या कडेला बोटभर नव्हे, चांगला वीतभराच्या आत-बाहेरचा पुसट पट्टा पडतो, आणि वेळेत मोजला तर तो दोन मिनिटांचा होतो. दोन सेकंद वाचायचे तर त्या पुसट पट्ट्यात एक जागा पक्की करावी लागते. त्यासाठी ताणलेला दोरा धरून त्याची सावली कुठे लोपते ते पाहण्याची युक्ती वापरतात. चंद्रावर दोरा धरता येत नाही.

एक्केचाळिसावा भाग की पन्नासावा

ला हिरने सुचवले ते असे: भूमितीने काढलेली सावली एक्केचाळिसाव्या भागाने वाढवा, तरच ग्रहणाच्या वेळा जुळतात. लांबर्टने चाळिसावा भाग सांगितला, मायरने साठावा. बेअर आणि मेडलर या जर्मन जोडीने २६ डिसेंबर १८३३ च्या ग्रहणात चंद्रावरचे डाग सावलीत कधी शिरतात आणि कधी निघतात याच्या वेळा घेतल्या आणि त्यांना पन्नासावा भाग मिळाला. शोव्हनेच्या पाठ्यग्रंथाने हा पन्नासावा भाग रूढ केला आणि बहुतेक देशांची नाविक पंचांगे तोच वापरू लागली.

१९५१ मध्ये फ्रेंच ज्योतिर्विद आंद्रे दाँजों यांनी या रीतीच्या मुळाशी हरकत घेतली. सावली वाढते ती पृथ्वीला हवेचे कवच असल्यामुळे, मग अख्ख्या सावलीला गुणक लावण्याऐवजी पृथ्वीचीच त्रिज्या ७५ किलोमीटरने वाढवा, असे त्यांचे म्हणणे. तर्काच्या दृष्टीने हे अधिक नेटके आहे. फ्रेंचांनी ते लगेच उचलले. अमेरिकेत नासासाठी एस्पनॅक आणि मेउस यांनी पाच हजार वर्षांच्या ग्रहणांची जी जंत्री केली तीही याच रीतीची. दोन्ही रीतींतला फरक एरवी अर्ध्या मिनिटाचाही नसतो. पण चंद्र सावलीच्या आतल्या कडेला जेमतेम टेकतो तेव्हा तो वाढून बसतो. ४ एप्रिल २०१५ च्या ग्रहणात दाँजोंच्या रीतीने खग्रास अवस्था ४ मिनिटे ४३ सेकंदांची होती, पन्नासाव्या भागाने तीच सुमारे बारा मिनिटांची येते. पाहणाऱ्यांनाही एकमत करता आले नाही, कारण चंद्राची एक बाजू सगळा वेळ उजळच राहिली. ती सावलीत बुडाली म्हणायची की नाही?

२०१४ मध्ये डेव्हिड हेरल्ड आणि रॉजर सिनॉट यांनी १८४२ ते २०११ या काळातल्या, चंद्रावरची विवरे सावलीत शिरण्या-निघण्याच्या वेळांची मोजदाद प्रसिद्ध केली. बावीस हजारांहून अधिक नोंदी, आणि त्यांतल्या बहुतेक हौशी निरीक्षकांनी दुर्बिणीला डोळा लावून, हातात घड्याळ धरून घेतलेल्या. त्यांना सावली पृथ्वीसारखीच ध्रुवांकडे किंचित चपटी आढळली आणि कवचाची उंची ८७ किलोमीटर निघाली. आकडा एवढ्या नोंदींवर उभा असल्याने तो डावलता येत नाही.

त्याचा अर्थ काय, यावर मात्र दोन तट आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की ८७ किलोमीटरच्या आसपास खरोखरच काही तरी आहे, उल्कांची बारीक धूळ किंवा तसेच काही. रात्री चमकणारे विरळ ढगही त्र्याऐंशीएक किलोमीटरवर असतात, तेव्हा ही उंची अगदी ओसाड नाही. दुसऱ्या बाजूला हे पटत नाही. इतक्या उंचीवरची हवा एवढी विरळ असते की तिच्यातून जाणारा सूर्यकिरण ना मंदावतो ना वळतो. मग तिथे अपारदर्शक भिंत असल्यासारखी सावली कशी पडेल? त्यांच्या मते ८७ किलोमीटर ही हवेची उंची नव्हे, डोळ्याची सवय आहे. गडद छायेच्या बाहेरही विरळ छाया इतकी दाट असते की उजेड पायरीने न उतरता उताराने उतरतो. अशा उतारावर डोळा जिथे उजेड झपाट्याने बदलताना पाहतो तिथे रेघ ओढतो, आणि ती रेघ भूमितीच्या रेघेबाहेर पडते. मला हे दुसरे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. पण त्याला एक अडचण आहे. पावणेदोनशे वर्षांत, निरनिराळ्या दुर्बिणींतून, हजारो डोळ्यांनी सरासरी एकाच ठिकाणी रेघ का ओढावी, हे त्या बाजूने अजून आकड्यांनिशी दाखवायचे आहे. कॅमेऱ्याने काम सोपे होईल असे वाटले होते. कॅमेऱ्यात तर उजेडाची कोणती पातळी ‘कड’ म्हणायची हे आपणच ठरवतो, आणि पातळी बदलली की सावलीही बदलते.

रंग

रंगाची नोंदही जुनी आहे. आर्यभटाने म्हटले आहे की स्पर्शाच्या आणि मोक्षाच्या वेळी चंद्र धूसर, खंडग्रासात काळा, सर्वग्रासात कपिल, आणि अंधाराच्या मध्यावर कपिलातच काळसर तांबे मिसळलेले. सूर्यसिद्धान्तातही जवळपास हीच पायरी आहे. हे पुस्तकी नाही, पाहून लिहिलेले आहे. खंडग्रासात झाकलेला भाग काळा दिसतो कारण उरलेला उजळ भाग डोळे दिपवतो. शेवटची कोर झाकली गेली की डोळा सैल होतो आणि इतका वेळ तिथेच असलेला लाल रंग वर येतो. दीड हजार वर्षांपूर्वी कुणी तरी हे लक्ष देऊन पाहिले, आणि मध्यावरचा रंग कडेच्या रंगाहून वेगळा असतो हेही टिपले. ही दुसरी नोंद जास्त मोलाची.

सावलीत उजेड येतो कुठून, हे केप्लरने १६०४ मध्ये सांगितले: पृथ्वीच्या हवेतून वाकून. चंद्रावर उभे राहून पाहिले तर त्या वेळी सूर्यग्रहण चालू असते आणि काळ्या पृथ्वीभोवती पेटलेले कडे दिसते. पृथ्वीवरचे त्या क्षणीचे सगळे सूर्योदय आणि सूर्यास्त त्या एका कड्यात असतात. हे आता कल्पनेने रंगवण्याची गरज उरलेली नाही. १९६७ च्या एप्रिलमध्ये सर्व्हेयर ३ ने आणि १४ मार्च २०२५ ला ब्लू घोस्ट या यानाने चंद्रावरूनच ग्रहण टिपले.

जमिनीलगतची दाट हवा किरणाला सर्वांत जास्त वाकवते आणि त्यातला निळा रंग वाटेतच उधळून टाकते. म्हणून भूभेच्या मध्यावर जे पोहोचते ते थोडे आणि गडद लाल. जरा वरून जाणारे किरण कमी वाकतात, ते सावलीच्या कडेजवळ पडतात आणि फिकट नारिंगी असतात. त्याहून वरचे किरण ओझोनच्या थरातून जातात. ओझोन तांबड्या-पिवळ्यातला काही भाग गिळतो, त्यामुळे सावलीच्या अगदी काठाला निळसर, मोरपंखी झाक येते. खग्रास सुरू होण्याच्या किंवा सुटण्याच्या सुमारास द्विनेत्रीतून पाहिले तर ती सापडते. एवढ्या बाबतींत मतभेद नाही.

मतभेद आहे तो एका ग्रहणाचा रंग दुसऱ्याहून इतका वेगळा का, याबद्दल. १९२१ मध्ये दाँजोंनीच रंगाची पाच पायऱ्यांची मोजपट्टी दिली. शून्य म्हणजे चंद्र जवळजवळ नाहीसा, एक म्हणजे करडा किंवा तपकिरी, दोन, गंजासारखा लाल आणि मध्ये काळवंडलेला, तीन, विटकरी, चार, झगझगीत तांबूस-नारिंगी आणि काठाला निळसर. मोजपट्टी इतकी सोपी की ती शंभर वर्षे टिकली, आणि तिच्यावरची टीकाही तेवढीच सोपी: एकाचा विटकरी तो दुसऱ्याचा गंजलेला. शहरातून पाहणारा एक पायरी खाली उतरतो, क्षितिजाजवळचा चंद्र सगळ्यांनाच लाल दिसतो.

सूर्याचे डाग की ज्वालामुखीची राख

दाँजोंना आपल्या मोजपट्टीतून एक मोठे सूत्र सापडल्यासारखे वाटले. सूर्यावरच्या डागांचे अकरा वर्षांचे चक्र तळाला गेले की लगेचची ग्रहणे काळी होतात आणि चक्र पुढे सरकेल तसा चंद्र उजळत जातो, असा त्यांचा दावा. पुढे काहींनी त्याला दुजोरा दिला. चेकोस्लोव्हाकियाचे फ्रांतिशेक लिंक यांनी तर चंद्राची जमीनच सूर्याच्या माऱ्याने मंद चमकत असावी, अशी शक्यता मांडली. ती आता बहुतेकांनी सोडून दिली आहे. सूत्राच्या विरुद्ध मुख्य आक्षेप आकडेवारीचा आहे. नोंदी थोड्या, डोळ्यांनी घेतलेल्या, आणि त्यांत मोठ्या उद्रेकांनंतरची काळी ग्रहणे मिसळलेली. तरी सूत्र पुरते निकालात निघाले असे म्हणता येत नाही. उद्रेक नसलेल्या स्वच्छ काळातली, यंत्राने मोजलेली ग्रहणे पुरेशी जमली तरच तो निकाल लागेल.

ज्वालामुखीची बाजू भक्कम आहे. तंबोरानंतर १८१६ च्या जूनमधल्या ग्रहणात लंडनहून चंद्र दिसेनासा झाला. क्राकातोआनंतर ऑक्टोबर १८८४, आगुंगनंतर डिसेंबर १९६३, एल चिचोननंतर १९८२, आणि पिनातुबोनंतर ९-१० डिसेंबर १९९२, ही सगळी काळ्या ग्रहणांची यादी. यातले शेवटचे आपल्याकडे पहाटे होते. रिचर्ड कीन यांनी १९८३ मध्ये उलट दिशेने विचार केला. राख आणि गंधकाच्या थेंबांमुळे चंद्र काळवंडत असेल, तर चंद्राच्या काळवंडण्यावरून वरच्या हवेत किती थेंब आहेत ते मोजता येईल. ग्रहण हे मग साऱ्या पृथ्वीच्या हवेचे एकाच वेळी घेतलेले माप ठरते.

या विचाराचे सर्वांत देखणे फळ २०२३ मध्ये नेचर नियतकालिकात आले. जिनिव्हाचे सेबास्तियाँ गिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११०० ते १३०० या दोन शतकांतल्या बखरी, मठांतल्या नोंदी चाळल्या. त्या काळात युरोपातून दिसू शकणाऱ्या ६४ खग्रास चंद्रग्रहणांपैकी ५१ ग्रहणे कुठे ना कुठे नोंदलेली निघाली, आणि त्यांतल्या पाच वेळी चंद्र विलक्षण काळा झाल्याचे लिहिले होते. जपानात फुजिवारा नो तेइका या कवीने १२२९ च्या डिसेंबरातले ग्रहण असे नोंदवले की म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही असे कधी पाहिले नव्हते. ध्रुवीय बर्फातल्या गंधकाच्या थरांशी या तारखा लावल्या तेव्हा उद्रेकांचा काळ महिन्यांच्या हिशेबाने आवळता आला. भिक्षूंना ज्वालामुखीची खबरही नव्हती. त्यांना त्या काळ्या चंद्रात अरिष्ट दिसत होते, म्हणूनच तर त्यांनी लिहून ठेवले.

इथे आपल्याकडच्या कागदांचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. कानोत्याच्याच ठाकुर अमरसिंहांनी १८९८ ते १९४२ अशी चव्वेचाळीस वर्षे रोजनिशी लिहिली, तिचे एकोणनव्वद खंड आहेत. सांता मारिया (१९०२) आणि काटमाई (१९१२) हे दोन्ही मोठे उद्रेक त्या मुदतीत येतात. शिकार, पोलो, लग्नकार्ये आणि दरबार यांनी भरलेल्या त्या पानांत चंद्राच्या रंगाची एखादी ओळ असेलच असे नाही, पण रोजनिशी ही बखरीपेक्षा भरवशाची, कारण तिच्यात तारीख चुकत नाही. मराठीत शकावल्या, रोजकीर्दी आणि खासगी टिपणे यांचा डोंगर आहे. दानधर्माच्या खर्चासाठी ग्रहणाची तिथी त्यांत येते. रंग येतो का, ते कुणी तरी बसून पाहायला हवे.

काय उरले आहे

दोन्ही प्रश्न शेजारी ठेवले की एक विसंगती डोळ्यांत भरते. चंद्राचा रंग ठरतो तो जमिनीपासून साधारण पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत. ढग, गंधकाचे थेंब, ओझोन, सगळे तिथेच. सावलीची कड मात्र ८७ किलोमीटरवर जाऊन बसते. एकाच हवेच्या दोन उंच्या कशा? कड जर डोळ्याने ओढलेली रेघ असेल तर काळ्या ग्रहणात ती सरकायला हवी, कारण आतला उजेड बदलला की उताराचा आकारही बदलतो. ती खरोखर सरकते का, हे ठरवायला हवे तेवढी काळी ग्रहणे जुन्या नोंदींत नाहीत. २०२२ च्या जानेवारीत टोंगाजवळचा हुंगा टोंगा फुटला आणि त्या मे महिन्यातले ग्रहण नेहमीपेक्षा गडद असल्याचे पाहणाऱ्यांनी नोंदवले. असा प्रसंग पुन्हा कधी येईल ते चंद्राच्या नव्हे, जमिनीच्या हाती आहे.

पंचांगांपुढचा प्रश्न वेगळा. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणल्यापासून आपल्याकडच्या पंचांगशोधनाला धार आली, आणि ग्रहण हीच तिची उघड्यावरची परीक्षा होती. पंचांगात लिहिलेला स्पर्श आणि अंगणातून दिसणारा स्पर्श यांत अर्ध्या घटकेचा फरक पडला तर तो झाकता येत नाही. आज स्पर्श-मोक्षाच्या वेळा सगळीकडे मिनिटापर्यंत जुळतात. मिनिटाच्या खाली कोणती रीत वापरली हे कुणी छापत नाही, आणि धर्मकृत्याला त्याची गरजही नाही. ग्रासमानाच्या तिसऱ्या दशांश स्थळी मात्र दोन पंचांगे वेगळी निघाली तर त्यात कुणाची चूक नसते. एकाने पन्नासावा भाग घेतलेला असतो, दुसऱ्याने ७५ किलोमीटर.

७-८ सप्टेंबर २०२५ चे खग्रास ग्रहण सबंध भारताच्या वाट्याला आले, रात्री ११ ते १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत. पण महिना पावसाचा. ३ मार्च २०२६ चे जयपूरच्या बाजूला ग्रस्तोदित. खग्रास अवस्था चंद्र उगवण्याआधीच संपते आणि कानोत्याच्या पूर्व क्षितिजावर, त्याच करड्या पट्ट्यात, उरलेसुरले ग्रहण घेऊन चंद्र वर येतो. मोक्षाला जेमतेम पाव तास असतो. मुंबईला तेवढाही नाही. नीट मोजमाप घ्यायची रात्र ३१ डिसेंबर २०२८ ची. त्या दिवशी चंद्र आकाशात उंच असेल, ग्रहणाचा मध्य १० वाजून २२ मिनिटांच्या सुमारास आणि खग्रास अवस्था एकाहत्तर मिनिटांची. साधी दुर्बीण, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि टायको, कोपर्निकस, प्लेटो ही विवरे ओळखता येतील एवढा सराव पुरेसा आहे. प्रत्येक विवराच्या दोन वेळा घ्यायच्या, सावलीत शिरतानाची आणि निघतानाची. मध्याला दाँजोंच्या मोजपट्टीवर रंग लिहायचा, तोही शेजाऱ्याला न विचारता. जयपूर शहरात त्या रात्री फटाक्यांचा धूर असणार, तेव्हा आग्रा रस्त्याने बाहेर पडलेले बरे. गडद छायेतून चंद्र पुरता सुटतो ती वेळ बाराच्या पुढे पाच-सहा मिनिटांवर आहे, म्हणजे स्पर्श एका वर्षात आणि मोक्ष दुसऱ्या. तो नेमका कोणत्या सेकंदाला लिहायचा, यावर बांधावर दोघे बसलेले असतील तर दोन आकडे निघतील. दोन्ही लिहून ठेवावेत.